डोंगर न खोदता पोटातलं सांगता, मग कोयनेला तीन किलोमीटर भोक कशाला पाडलं?

प्रश्न असा आलाय, थोडा छोटा करून लिहितो: "मी एमएस्सी मॅथ्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे लेक्चरला आलेले एक सर म्हणाले की ते हृदयावर पण काम करतात आणि डोंगराखालच्या दगडांवर पण, दोन्हीकडे गणित एकच. खरं आहे का हे? आणि न खोदता डोंगराच्या पोटात काय आहे ते गणिताने कळत असेल तर मग कोयनेला तीन किलोमीटर खोल भोक कशाला पाडलं?"

पहिल्याचं उत्तर हो, अगदी खरं आहे. दुसऱ्याला जरा वेळ लागेल कारण त्यासाठी आमची झाकलेली मूठ उघडावी लागणार.

आधीच सांगतो, मी गणितवाला नाही. जिओफिजिक्समध्ये पंचवीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी ग्रॅव्हिटी सर्वेत, म्हणजे डबा घेऊन डोंगर चढायचा, रीडिंग घ्यायचं, उतरायचं, पुढचा डोंगर. हृदयाचं जे लिहीन ते मेव्हण्याकडून ऐकलेलं आणि मग स्वतः वाचून खात्री केलेलं, तो कार्डियाक सर्जन आहे आणि दर दिवाळीला आमचं याच विषयावर वाजतं.

तर डबा. ग्रॅव्हीमीटर म्हणजे शेवटी एक स्प्रिंग आणि तिला टांगलेलं चिमुकलं वजन, खाली जड दगड असला की स्प्रिंग किंचित जास्त ताणली जाते, ते ताणणं मोजायचं, झालं. आमचं माप मिलिगॅल. पृथ्वीचं एकूण गुरुत्व साधारण ९,८०,००० मिलिगॅल आणि चांगला डबा त्यातला ०.०१ मिलिगॅलचा फरक पकडतो, म्हणजे दहा कोटीत एक भाग. ऐकायला भारी वाटतं ना, पण आता हे बघ: तू जिन्याने दहा मीटर वर गेलास तर गुरुत्व ३ मिलिगॅलने कमी होतं, आणि आम्ही जे दगडातले फरक शोधत फिरतो ते कधी पाच मिलिगॅलचे असतात, कधी अर्ध्याचे. म्हणजे बिल्डिंगचा जिना आमच्या सिग्नलएवढा.

त्यामुळे डोंगरात रीडिंग घेणं हे सगळ्यात सोपं काम, दोन-पाच मिनिटांचं. बाकी आयुष्य जातं त्या रीडिंगमधून नको ते काढून टाकण्यात. चंद्र-सूर्याच्या ओढीने जमिनीवरही भरती येते, ती दिवसभरात ०.३ मिलिगॅलपर्यंत खेळवते, ती काढा. स्प्रिंग थकते, म्हणून सकाळी ज्या बेस स्टेशनवरून निघालात तिथेच संध्याकाळी परत येऊन रीडिंग घ्या आणि फरक दिवसभरावर वाटून द्या. विषुववृत्तापासूनच्या अंतराचा परिणाम काढा. मग उंची, दर मीटरला ०.३०८६ मिलिगॅल. मग समुद्रसपाटीपासून तुमच्या पायापर्यंत जो दगड आहे त्याची ओढ, २.६७ घनता (ग्रॅम दर घन सेंटिमीटरला) धरली तर दर मीटरला साधारण ०.११२. ही दोन उलट्या दिशेला जातात, म्हणून निव्वळ हिशोबात उंचीची एक मीटर चूक म्हणजे ०.२ मिलिगॅलची चूक. डीजीपीएस, म्हणजे उपग्रहांवरून नेमकी उंची सांगणारं यंत्र, यायच्या आधी आम्ही बॅरोमीटरने उंची काढायचो, दुपारी हवा बदलली की तीन मीटर इकडेतिकडे सहज, म्हणजे ०.६ मिलिगॅल गेले वाऱ्यावर, शब्दशः.

आणि ते २.६७ पण एक प्रकरणच आहे. जगभर वापरतात, ग्रॅनाइटी कवचाला बरं बसतं. आपल्याकडे सह्याद्री बेसाल्टचा, त्याची घनता २.९ च्या आसपास, पण मधेमधे भोकाळ, कुजलेले थर असतात ते त्याहून बरेच हलके. आता हजार मीटर उंचीवर उभा राहून तू २.६७ घेतलंस की २.८७, एवढ्याने उत्तरात ८.४ मिलिगॅलचा फरक पडतो. एका आकड्याच्या निवडीने, दगडाला हात न लावता. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

शेवटची आणि सगळ्यात छळवादी दुरुस्ती म्हणजे टेरेन, आजूबाजूच्या चढउतारांची. सह्याद्रीच्या कड्यावर उभं राहिलं की पश्चिमेला कोकणाचा खड्डा, पूर्वेला डोंगर. डोंगर तुझ्यापेक्षा वर असतो म्हणून डब्याला वर ओढतो, रीडिंग कमी येतं. खड्ड्यात दगडच नाही, जो आपण हिशोबात धरला होता, म्हणूनही रीडिंग कमीच. दोन्ही एकाच बाजूला! त्यामुळे टेरेनची दुरुस्ती नेहमी बेरजेची, कधीच वजा नाही. नवीन पोरांना हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पहिल्याच सीझनला घाटमाथ्यावरच्या चार स्टेशनांवर मला ओळीने चारेक मिलिगॅलची घट दिसली, मी रात्री कंदिलात बसून त्यातून झकास फॉल्ट, म्हणजे दगड तुटून सरकलेली भेग, काढला, खाली कुजलेल्या दगडाचा पट्टा दाखवला, क्रॉस सेक्शन रंगवला, सकाळी चहाच्या वेळी साहेबांपुढे धरला. त्यांनी नकाशावरची ती चार टिंबं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कड्याच्या किती जवळ उभा होतास?" मी म्हटलं वीसेक मीटर. "मग हा फॉल्ट तुझ्या पायाखाली नाही, समोर हवेत आहे." टेरेनची दुरुस्ती मी एवढ्या जाड ग्रिडवर, म्हणजे उंचीच्या मोठमोठ्या चौकटींवर, केली होती की कडा त्यात गुळगुळीत उतार झाला होता. बारीक ग्रिडवर परत केली, फॉल्ट गेला. सेक्शन मी अजून जपून ठेवलाय.

आता समज सगळं काढून झालं, जे उरलं ती अ‍ॅनोमली. आता तुझा विषय सुरू होतो, की वरचे आकडे माहीत आहेत, खाली काय आहे ते सांगा. याला इन्व्हर्स प्रॉब्लेम म्हणतात. सरळ प्रश्न सोपा असतो, खाली अमुक दगड आहे तर वर काय दिसेल? ते न्यूटनने सोडवून ठेवलंय. उलटा प्रश्न बेईमान आहे, आणि किती ते एका उदाहरणाने बघ.

दोन किलोमीटर खोलीवर एक गोळा, त्रिज्या ५०० मीटर, आजूबाजूपेक्षा घनता ०.३ ने जास्त. वर बरोब्बर डोक्यावर ०.२६ मिलिगॅल दिसेल. आता तोच केंद्रबिंदू ठेव, घनतेचा फरक दुप्पट कर, ०.६, आणि त्रिज्या ३९७ मीटर कर म्हणजे आकारमान निम्मं होईल. वर काय दिसेल? तेच ०.२६. साधारण सारखं नाही बरं का, तंतोतंत तेच, शंभर किलोमीटरच्या परिसरात कुठेही डबा ठेव, दशांशाच्या कितव्याही स्थानापर्यंत तेच. कारण बाहेरून बघणाऱ्याला गोळ्याचं फक्त एकूण वस्तुमान दिसतं. म्हणजे डबा कितीही महाग घे, सोन्याचा घे, हे दोन गोळे त्याला वेगळे ओळखता येणारच नाहीत. चूक उपकरणाची नाहीच, ती समीकरणातच आहे. गणितवाल्यांच्या भाषेत, बाहेरचं क्षेत्र लाप्लासचं समीकरण पाळतं आणि आतला स्रोत त्यातून एकमेव निघत नाही.

यावरून झालेलं पहिलं मोठं भांडण आपल्याच जमिनीवरचं आहे. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्वे, म्हणजे इंग्रजांनी केलेली भारताची मोजणी, तिच्या वेळी एव्हरेस्ट साहेबांच्या लोकांनी मध्य भारतातल्या कल्याणपूरपासून मुजफ्फरनगरजवळच्या कलियानापर्यंत, सुमारे ६०० किलोमीटर, साखळीने आणि त्रिकोणांनी मोजलं. मग ताऱ्यांवरूनही तेच अक्षांशांचं अंतर काढलं. दोन्हींत ५.२३६ सेकंदांचा फरक आला (घड्याळाचे नव्हे, कोनाचे सेकंद, अंशाचा ३६०० वा भाग), जमिनीवर म्हणजे १६० मीटर. एवढी चूक त्या मंडळींची शक्यच नव्हती. कारण ओळंबा. तारा बघताना खाली-वर ठरवतो तो ओळंबा, आणि उत्तरेकडे हिमालय त्या ओळंब्याला स्वतःकडे ओढतो. कलकत्त्याला प्रॅट नावाचे आर्चडीकन होते, धर्मगुरू पण केंब्रिजचे पक्के गणिती, त्यांनी हिमालयाचं वस्तुमान धरून ही ओढ किती यायला हवी ते हाताने काढलं. (लॉगॅरिदमची पुस्तकं आणि कागद घेऊन, मी एकदा तो हिशोब एक्सेलवर परत करायला बसलो आणि दुपारीच सोडून दिला.) उत्तर आलं १५.८८५ सेकंद. म्हणजे डोंगर जेवढा दिसतो त्याच्या एक तृतीयांशच ओढतोय!

हे साल १८५५. त्याच वर्षी एअरी, इंग्लंडचे राजज्योतिषी, म्हणाले की डोंगर पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखा आहे, वर जेवढा उंच तेवढा खाली बुडालेला, त्याला मूळ आहे, आणि ते हलकं मूळ जड मँटलची, म्हणजे कवचाखालच्या थराची, जागा घेतं म्हणून ओढ कमी. प्रॅटनी काही वर्षांनी आपलं वेगळं मांडलं, की मूळबीळ काही नाही, डोंगराखालचा सगळा दगडच हलका, फुगलेल्या पिठासारखा, खालची पातळी सगळीकडे एकच. आणि गंमत बघ, दोघांचेही आकडे जुळतात. दोन्हींत दम होता आणि ग्रॅव्हिटीच्या आकड्यांवरून कोण बरोबर ते कधीच ठरलं नसतं, वरच्या दोन गोळ्यांसारखंच. ठरलं ते भूकंपाच्या लाटांनी, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या मापाने. तिबेटखाली कवच ७० किलोमीटर किंवा जास्तच जाड निघालं, नेहमीच्या ३५-४० च्या जवळपास दुप्पट. तिथे एअरी जिंकले. समुद्राखालच्या पर्वतरांगांपाशी मात्र प्रॅटचं जास्त खरं, तिथला दगड गरम आहे म्हणून हलका. म्हणजे दोघंही बरोबर, फक्त वेगवेगळ्या गावात.

आता कोयना.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट, ६.३ चा धक्का, सुमारे १८० माणसं गेली, पोफळी-कोयनानगर भागातली घरं भुईसपाट. शिवाजीसागर जलाशय भरायला लागून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. धरणाच्या पाण्याने चेतवलेल्या भूकंपाचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून आजही कोयनेचंच नाव घेतात, आणि तिथे धक्के अजून थांबलेले नाहीत, सगळे साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या पट्ट्यात आणि बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर. तेव्हा साहजिक प्रश्न हा की खाली आहे तरी काय? वर बेसाल्टचं झाकण, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं, त्याखालचं काही दिसत नाही.

तर १९७३ मध्ये कृष्णब्रह्मम आणि नेगी यांनी ग्रॅव्हिटीच्या नकाशावरून मांडलं की डेक्कन ट्रॅपखाली, म्हणजे याच बेसाल्टच्या झाकणाखाली, दोन जुन्या रिफ्ट व्हॅली (कवच ताणून खचल्याने झालेल्या दऱ्या) पुरल्या गेल्यात, एक कोयनेची, एक कुर्डुवाडीची. नकाशात दोन्हीकडे लांबट घट आहेच, आजही डबा नेलास तर दिसेल. लांबट घट म्हणजे खाली लांबट खोलगट, त्यात हलकं काहीतरी भरलेलं, अर्थ लावायला हा अगदी स्वच्छ. मी शिकत होतो तेव्हा वर्गात हे असंच शिकवलं जायचं, मीही कित्येक ठिकाणी ती रेघ डोळे झाकून मारलीय. यात त्या दोघांना नावं ठेवायची नाहीत हां, हाताशी जेवढा डेटा होता त्यात ते उत्तर बसत होतं. पण तसं ते ०.३ आणि ०.६ वाले दोन्ही गोळेही बसतात.

मग २०११ नंतर कोयना-वारणा भागात खरोखर ड्रिलिंग सुरू झालं. दीडेक किलोमीटरच्या बऱ्याच बोअरहोल घेतल्या, कोर, म्हणजे दगडाचे लांब दंडगोल नमुने, बाहेर काढले. रासाटीजवळच्या पहिल्याच भोकात ९३३ मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली काय लागलं तर थेट ग्रॅनाइट-नाइस. मध्ये गाळ नाही, वाळूचा खडक नाही, काहीच नाही, लाव्हा सरळ जुन्या दगडावर बसलेला. बाकीच्या भोकांतही तेच. २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटरचं पायलट बोअरहोल झालं, तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट, खाली परत तोच ग्रॅनाइटी पाया. गाळाने भरलेल्या दरीचा पत्ता नाही. (किल्लारीला भूकंपानंतर भोक घेतलं होतं तिथे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपून मध्ये आठेक मीटर गाळ सापडला होता, त्यामुळे कोयनेलाही काहीतरी निघेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं. मलाही.)

मग घट खोटी होती का? अजिबात नाही. घट खरी, अर्थ चुकला. हलकेपणा कुठेतरी आहेच, पण तो पायाच्या दगडातच असेल, त्याहून खोल कवचात असेल, थोडा त्या २.६७-२.९ च्या भानगडीतला असेल, यावर लोक अजून भांडतायत. आणि भांडणारच, कारण फक्त ग्रॅव्हिटीने ते सुटणारं नाहीच.

इथे तू म्हणशील की मग गणिताचा उपयोग काय. थांब, कारण आणखी एक वाईट बातमी आहे, आणि उपयोगाचं सगळं तिच्यातूनच निघतं. आदामार नावाच्या फ्रेंच गणितीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून ठेवलं की प्रश्न नीट मांडलेला केव्हा म्हणायचा: उत्तर असलं पाहिजे, एकच असलं पाहिजे आणि आकडे जरासे हलले तर उत्तरही जरासंच हललं पाहिजे. आमचा प्रश्न दुसऱ्या अटीत नापास हे पाहिलं, तिसऱ्यात त्याहून जोरात नापास होतो. समज पाच किलोमीटर खोलीवर घनतेची एक लाट आहे, शिखरापासून शिखरापर्यंत पाच किलोमीटर. तिची ओढ वर येईपर्यंत e चा −२π घात एवढी विरते, म्हणजे ५३५ वा हिस्सा उरतो. आता उलटं जायचं तर वरच्या आकड्याला ५३५ ने गुणायचं. पण त्या आकड्यात तुझी ०.०२ मिलिगॅलची चूक पण आहे ना (बॅरोमीटरवाल्याची तर ०.६), तीही ५३५ ने गुणली जाणार, जवळपास ११ मिलिगॅल. चूकच उत्तर होऊन बसते. माझा घाटमाथ्यावरचा फॉल्ट आठव.

यावर औषध म्हणजे रेग्युलरायझेशन, रशियन गणिती तिखोनोव्ह यांनी १९६३ च्या सुमारास नीट बांधून दिलं. कल्पना साधी आहे, आकड्यांशी शंभर टक्के जुळणारं उत्तर मागूच नका, चुकीच्या मर्यादेत जुळणारी जी हजार उत्तरं आहेत त्यातलं सगळ्यात सौम्य, सगळ्यात कमी वळवळणारं उत्तर मागा. पण "सौम्य" कोण ठरवणार? तू. किती सौम्य, तेही तूच. म्हणजे उत्तरातला काही भाग डेटातून येतो आणि काही तुझ्या आवडीतून, आणि प्रामाणिक माणूस तो कोणता ते पेपरात लिहितो. नुसता रंगीत सेक्शन छापून मोकळे होणारे पण आहेत, त्यांचे सेक्शन सुंदर असतात.

बरं, हृदय. छातीवर ईसीजीची वायर लावली की जे दिसतं ते हृदयाच्या करंटचं बाहेर पोचलेलं सावट, मध्ये फुप्फुसं, हाडं, चरबी. शरीरातही तेच लाप्लासचं समीकरण, म्हणजे गणिताच्या नजरेने छाती हा डोंगर आणि इलेक्ट्रोड हा ग्रॅव्हीमीटर. बाहेरच्या व्होल्टेजवरून आतले स्रोत एकमेव ठरत नाहीत हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच लिहिलं होतं, प्रॅट-एअरीच्या फक्त दोन वर्षं आधी. दोन्ही बाजूंना एकाच दशकात ठेच लागली आणि शंभर वर्षं कुणी कुणाला विचारलं नाही.

हृदयवाल्यांनीही आधी आमच्यासारखं भोकच पाडलं. काही लोकांच्या हृदयात वीज जायला एक जास्तीची चोरवाट असते, वोल्फ-पार्किन्सन-व्हाइट म्हणतात त्याला, त्यातून ठोके बेफाम वाढतात. १९६८ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला ड्यूक युनिव्हर्सिटीत विल सीली यांनी एका मच्छीमाराची छाती उघडली आणि हातात इलेक्ट्रोड धरून हृदयाच्या पृष्ठभागावर एकेक बिंदूला टेकवत वीज सगळ्यात आधी कुठे पोचते ते शोधलं, ती जागा कापली, चोरवाट बंद. (६८ साल हृदयवाल्यांना लाभलेलंच दिसतं, आपल्या केईएमला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी त्याच फेब्रुवारीत भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, पेशंट काही तासच जगला पण केलं.) पुढे १९८७ मध्ये जेम्स कॉक्स यांनी एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात त्या आजारासाठी, मेझ ऑपरेशन काढलं, हृदयाच्या भिंतीवर मुद्दाम चिरे देऊन विजेला एकच वाट उरेल असा चक्रव्यूह, त्याच्याही मागे असंच बिंदू-बिंदू मॅपिंगचं वर्षानुवर्षांचं काम होतं.

आणि मग छाती न उघडता हाच नकाशा काढायची धडपड. इथे गणितवाल्यांनी एक हुशारी केली जी मला फार आवडते. त्यांनी प्रश्नच बदलला. हृदयाच्या आत कुठे काय करंट आहे हे विचारायचं सोडून दिलं, त्याऐवजी फक्त हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर व्होल्टेज किती एवढंच विचारलं. असं विचारलं की उत्तर एकच येतं, आदामारची दुसरी अट पास! तिसरी अजून नापास, चूक गुणली जातेच, तिथे परत तिखोनोव्ह. मग सीटी स्कॅनवरून छातीची आणि हृदयाची खरी भूमिती घ्यायची, अंगात अडीचशेक इलेक्ट्रोडचं जॅकेट घालायचं, आणि हिशोब. योराम रूडी यांच्या ग्रुपने २००४ मध्ये हे माणसांवर करून दाखवलं. तुमच्या लेक्चरला आलेले सर बहुतेक याच वाटेने दोन्हीकडे पोचले असणार.

मेव्हणा म्हणतो, "तुझा पेशंट हलत नाही, माझा मिनिटाला सत्तर वेळा हलतो, माझं काम अवघड." मी म्हणतो, तुझं सोपं, तुझा पेशंट सीटीत मावतो. पण खरा फरक वेगळाच आहे आणि तो कोयनेने मला शिकवला. त्यांचा नकाशा चुकला तर त्याच दिवशी कळतं, कॅथेटर, म्हणजे शिरेतून घातलेली बारीक नळी, आत गेला की चोरवाट तिथे आहे किंवा नाही. आमच्या रिफ्ट व्हॅलीचा निकाल लागायला चाळीस वर्षं लागली, तोवर ती पाठ्यपुस्तकात जाऊन बसली, पोरं परीक्षेत लिहून पास झाली, त्यातला एक मी. डॉक्टरला गणित जिथे चुकतं तिथे टोचतं, आम्हाला कोणी टोचतच नाही.

आता भोक कशाला, याचं सरळ उत्तर. एक कारण झालंच, हजार उत्तरांतली नऊशे नव्वद एका भोकाने बाद होतात. ९३३ मीटर हा एक आकडा मॉडेलमध्ये खिळ्यासारखा ठोकला की बाकी सगळी ग्रॅव्हिटी, मॅग्नेटोटेल्युरिक (जमिनीतल्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय लहरींची), हेलिकॉप्टरमधून घेतलेली मापं, सगळ्यांना त्याच्याभोवती नीट बसावं लागतं. बेसाल्टची घनता कोरवर प्रयोगशाळेत मोजता येते, मग २.६७ की २.८७ हा वाद संपतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, की भूकंपासाठी जे हवंय ते वरून दिसतच नाही. दगडावर ताण किती, कोणत्या दिशेला, भेगांतल्या पाण्याचा दाब किती, हे ग्रॅव्हिटीच्या समीकरणात कुठेच नाहीत. तिथे वेगळं समीकरण लागतं, डिफ्युजनचं, जलाशयाचा दाब भेगांतून खाली झिरपायला किती वेळ लागतो त्याचं. त्यातला गुणांक सेकंदाला एक चौरस मीटर धरला तर पाच किलोमीटर खोल पोचायला साधारण सत्तरेक दिवस निघतात, आणि कोयनेला धरण भरल्यानंतर, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत हालचाल वाढलेली दिसतेच. पण तो गुणांक दगडागणिक शंभरपट बदलू शकतो. एक धरला तो मी धरला. खरा किती ते त्या ग्रॅनाइटच्या भेगांनाच विचारायला लागतं, आणि त्या तीन किलोमीटर खाली राहतात.

या फील्डमध्ये यावं का असं तू थेट विचारलं नाहीस पण त्याचसाठी विचारतोयस हे दिसतंय. ये. गणितवाले आम्हाला हवेच आहेत. हैदराबादला एनजीआरआय, पनवेलला भूचुंबकत्व संस्था, डेहराडूनला वाडिया, आयआयटी मुंबई-खरगपूर, धनबाद, सगळीकडे असलं काम चालतं, कराडला तर कोयनेच्याच कामासाठी उभी केलेली प्रयोगशाळा आहे. लिनिअर अल्जिब्रा पक्का कर, त्यातही सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशन, बाकी इथे येऊन शिकशील. आणि काही करून एक सीझन फील्डला जा, डबा पाठीवर घेऊन, कारण डेटातली चूक कशी जन्माला येते हे खुर्चीत बसून कधीच कळत नाही.

तोपर्यंत घरी हे कर. पायथनमध्ये ते दोन गोळे बनव, ५०० मीटरचा आणि ३९७ चा, वरची प्रोफाइल काढ, दोन्ही एकमेकांवर ठेव, एकच रेघ दिसेल. मग त्यात ०.०२ ची रँडम चूक मिसळ आणि फूरिए लावून दीड किलोमीटर खाली ने. पहिल्यांदा जे येईल ते बघून तुला वाटेल कोड चुकलाय. कोड बरोबर असेल.